सी शार्प: क्यू<टी> अर्धाच का रिकामा होतो, आणि त्यातून क्लास इनहेरिट करावा का?

टोकनवाला

दवाखान्याच्या टोकनचा छोटा प्रोग्रॅम आहे, डॉट नेट ८ वर. पेशंट आला की टोकन क्यूमध्ये जातं, काउंटरवर बटण दाबलं की पुढचं टोकन बाहेर येतं. हातात आलेला जुना कोड सिस्टिम.कलेक्शन्समधला साधा क्यू वापरतो, जेनेरिक नाही (जेनेरिक म्हणजे क्यू<टी>, ज्यात टी च्या जागी आत जाणारा प्रकार ठरवून द्यायचा). चार ठिकाणी अडलंय.

१) बाहेर काढताना (टोकन) असा कास्ट आहे, म्हणजे निघालेली वस्तू टोकन समजून घेतो. तिथे अधूनमधून इनव्हॅलिडकास्टएक्सेप्शन येतं. रोज येत नाही.

२) दिवस संपल्यावर उरलेली टोकनं काढून छापायची आहेत:

फॉर (इंट आय = ०; आय < क्यू.काउंट; आय++)
    छाप(क्यू.डीक्यू());

१० टोकनं असली तर ५ च छापली जातात. फॉरईच लावलं तर पहिल्या टोकननंतर "कलेक्शन वॉज मॉडिफाइड" म्हणून थांबतं.

३) एका वेळी ५० पेक्षा जास्त टोकनं नकोत. क्यू<टोकन> पासून क्लास काढून एन्क्यू (रांगेत टाकणारी मेथड) ओव्हरराइड करायला, म्हणजे आपल्या कोडने बदलायला गेलो तर कंपाइलर नाही म्हणतो. जुन्या क्यूला मात्र ओव्हरराइड चालतं. नवा क्यू जुन्यापेक्षा मागे कसा?

४) काउंटर ३, म्हणजे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) ३. क्यू<टी> तसाच वापरला तर चालेल का?

(कोड देवनागरीत लिहिलाय, उच्चारावरून नावं कळतीलच.)

---

अर्धविराम

आधी २ नंबर, कारण तिथे क्यू निर्दोष आहे.

तुमच्या लूपमध्ये आय वर चढतो आणि काउंट खाली उतरतो. दोघं मध्यावर भेटतात. १० टोकनं: आय ० असताना काउंट १०, एक काढलं, ९ उरली. मग १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६. सहाव्या वेळी आय ५, काउंटही ५, लूप बंद. ७ टोकनं असती तर ४ गेली असती आणि ३ उरली असती. म्हणून तपासणीला एकच टोकन घेतलं तर सगळं बरोबर दिसतं.

क्यू रिकामा होईपर्यंत काढायचं असेल तर मोजायचंच कशाला:

व्हाइल (क्यू.ट्रायडीक्यू(आउट व्हार टो))
    छाप(टो);

ट्रायडीक्यू रिकाम्या क्यूवर फॉल्स देतं, एक्सेप्शन फेकत नाही. ते क्यू<टी> मध्ये डॉट नेट कोअर २.० पासून आहे. जुन्या फ्रेमवर्कवर किंवा अजून जुन्या क्यूवर असाल तर व्हाइल (क्यू.काउंट > ०) आणि आत डीक्यू. छापायचं नसेल, नुसता फेकायचा असेल तर क्लिअर.

एक वेगळी गरज असते: लूप चालू असताना नवी टोकनं येऊ शकतात, पण आपल्याला सुरुवातीला होती तेवढीच काढायची आहेत. तेव्हा लूपच्या आधी इंट किती = क्यू.काउंट, असं धरून ठेवा आणि फॉरमध्ये किती वापरा. ट्री रचनेतले नोड पातळीनुसार वाचताना हीच युक्ती लागते.

फॉरईचचं कारण सरळ आहे. क्यूच्या आत एक आवृत्ती क्रमांक असतो, एन्क्यू, डीक्यू, क्लिअर केलं की तो बदलतो. फॉरईच सुरू होताना तो क्रमांक टिपून ठेवतं आणि पुढच्या पावलाला जुळला नाही की इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन फेकतं. फॉरईच फक्त बघायला आहे, बोर्डावर यादी दाखवायला वगैरे. त्याने क्यूतून काहीही बाहेर येत नाही.

आता १ नंबर. जुना क्यू ऑब्जेक्ट साठवतो, म्हणजे त्यात काहीही जातं. जवळजवळ खात्रीने सांगतो, कुठेतरी कुणीतरी टोकनऐवजी नुसता टोकन नंबर आत टाकतंय. चूक टाकताना होते आणि स्फोट काढताना होतो. ४० टोकनं पुढे असतील तर दोन्हींमध्ये तास-दोन तासही जातील, आणि एक्सेप्शनचा स्टॅक बिचाऱ्या काउंटरच्या बटणाकडे बोट दाखवणार. क्यू<टोकन> करा आणि नुसतं कंपाइल करा. सीएस१५०३ (दिलेल्या वस्तूचा प्रकार जुळत नाही, ही कंपाइलरची एरर) ज्या ओळीवर येईल ती तुमची गुन्हेगार ओळ. कास्ट सगळे काढून टाका, एकही ठेवू नका.

इंट ठेवायचे असतील तेव्हा तर जुना क्यू जागाही खातो. ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये बॉक्स केलेला (ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेला) एक इंट २४ बाइट घेतो, शिवाय त्याकडे बोट दाखवणारा ८ बाइटचा रेफरन्स. क्यू<इंट> मध्ये तोच आकडा ४ बाइटमध्ये बसतो.

---

शून्यापासून

३ नंबर मी घेतो. नवा क्यू मागे नाही, जाणूनबुजून बंद ठेवलाय.

जुन्या क्यूच्या मेथड व्हर्च्युअल आहेत, म्हणजे ओव्हरराइड करता येतात. डॉट नेट २.० बरोबर, म्हणजे २००५ मध्ये, जेनेरिक आले तेव्हा क्यू<टी> च्या मेथड व्हर्च्युअल ठेवल्या नाहीत. इथे लोक पळवाट काढतात: ओव्हरराइड होत नाही ना, मग न्यू लावून एन्क्यू झाकतो. कंपाइल होतं आणि वरवर चालतंही. पण कुणी तुमचा ऑब्जेक्ट क्यू<टोकन> प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये घेतला की मूळ एन्क्यू चालतो आणि ५१ वं टोकन गुपचूप आत जातं. एररही नाही, वॉर्निंगही नाही.

दुसरी गैरसमजूत आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्ही तिथे जाणारच: न्यू क्यू<टोकन>(५०) मधला ५० ही मर्यादा नाही. ती सुरुवातीची क्षमता आहे. ५१ वं टोकन आलं की आतला ॲरे १०० चा होतो आणि कामकाज पुढे चालू.

क्यू आत ठेवा, वर आपला क्लास घाला:

क्लास मर्यादितरांग<टी>
{
    प्रायव्हेट रीडओन्ली क्यू<टी> आत;
    प्रायव्हेट रीडओन्ली इंट कमाल;

    पब्लिक मर्यादितरांग(इंट कमाल)
    {
        धिस.कमाल = कमाल;
        आत = न्यू क्यू<टी>(कमाल);
    }

    पब्लिक बूल ट्रायएन्क्यू(टी वस्तू)
    {
        इफ (आत.काउंट >= कमाल) रिटर्न फॉल्स;
        आत.एन्क्यू(वस्तू);
        रिटर्न ट्रू;
    }

    पब्लिक बूल ट्रायडीक्यू(आउट टी वस्तू)
        => आत.ट्रायडीक्यू(आउट वस्तू);

    पब्लिक इंट काउंट => आत.काउंट;
}

बाहेरच्याला क्यू दिसतच नाही, त्यामुळे मर्यादा चुकवायला वाट नाही. आतला क्यू प्रॉपर्टीने बाहेर देऊ नका, नाहीतर एवढी मेहनत वाया. आणि ट्रायएन्क्यूने दिलेलं फॉल्स काउंटरवरच्या माणसापर्यंत पोचवा. उत्तर न बघता सोडून दिलं तर पेशंटच्या हातात टोकन आणि रांगेत त्याचा पत्ता नाही.

(गंमत म्हणून: सी शार्प देवनागरी नावं स्वीकारतं. मर्यादितरांग हे क्लासचं नाव खरंच कंपाइल होतं. की-वर्ड आणि आकडे मात्र इंग्रजीतच हवेत.)

आत काय चालतं तेही बघून ठेवा, कारण वर्गात "स्वतःचा क्यू लिहा" हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरं एकाच जागी चुकतात. आत साधा ॲरे असतो, पण तो गोल वापरतात. हेड म्हणजे पुढचं काढायचं कुठून, टेल म्हणजे नवं टाकायचं कुठे. शेवटचा खण झाला की परत ० वर. काढताना बाकीचे एक घर पुढे सरकवत नाहीत. लिस्ट<टी> मध्ये रिमूव्हॲट(०) केलं तर सगळे सरकतात, १०,००० असतील तर प्रत्येक वेळी ९,९९९. लिस्टचा क्यू म्हणून वापर का नको, त्याचं उत्तर एवढंच.

चूक होते ती ॲरे वाढवताना. ४ खणांचा ॲरे घ्या. अ, ब, क, ड टाकले. अ आणि ब काढले. इ आणि फ टाकले, ते फिरून ० आणि १ वर बसले. आता खण असे: इ फ क ड, हेड २ वर. पाचवा आला, ॲरे ८ चा केला आणि जुने खण जसेच्या तसे उचलून ठेवले, की खेळ संपला. हेड २ पासून वाचत गेलं तर क, ड आणि मग ४ नंबरचा मोकळा खण. इ, फ मागे राहिले. दोन तुकड्यांत कॉपी करायचं: आधी हेडपासून ॲरेच्या टोकापर्यंत, मग ० पासून टेलपर्यंत. आणि हेड ० वर आणायचा.

हेड आणि टेल एकाच जागी असतील तर क्यू रिकामा की भरलेला? दोन्ही. म्हणून संख्या वेगळी मोजावी लागते. शिवाय काढलेल्या खणात डीफॉल्ट लिहून तो पुसा. नाहीतर बाहेर गेलेल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स ॲरेत राहतो आणि गार्बेज कलेक्टर त्याला हात लावत नाही.

तयार क्यू<टी> मध्ये हे सगळं केलेलं आहे. क्षमता न देता बनवला तर पहिल्या एन्क्यूला ४ खण, मग ८, १६, ३२, ६४. तुम्हाला कमाल आकडा माहीत आहे, तेव्हा आधीच द्या.

---

कुलूपकिल्ली

४ नंबर: नाही, चालणार नाही.

इफ (क्यू.काउंट > ०) टो = क्यू.डीक्यू(), या ओळीत दोन पावलं आहेत. एकच टोकन उरलंय, काउंटर १ ने काउंट बघितला, काउंटर २ नेही बघितला, दोघांना १ दिसला. एकाला टोकन मिळतं, दुसऱ्याला "क्यू एम्टी". हे नशीब बरं असताना. वाईट असेल तर दोघं एकाच क्षणी हेड वाचतात आणि एकच टोकन दोन काउंटरवर पुकारलं जातं. ट्रायडीक्यू लावल्याने हे सुटत नाही. त्यातला ट्राय रिकाम्या क्यूसाठी आहे, थ्रेडसाठी नाही.

इथे बहुतेक जण कन्करंटक्यू<टी> सुचवतील. डॉट नेट ४ पासून आहे, चांगला आहे. पण तुमच्या ५० च्या मर्यादेला तो पुरत नाही. काउंट ४९ असताना दोन थ्रेडनी बघितलं, दोघांनी टाकलं, झाले ५१. प्रत्येक मेथड एकटी सुरक्षित असली म्हणून दोन मेथडची जोडी सुरक्षित होत नाही. (त्यात रिकामा आहे का एवढंच बघायचं तर काउंट शून्याशी ताडू नका, इजएम्टी वापरा. काउंटला आतले तुकडे बघून हिशोब करावा लागतो.)

तुमच्या कामाला मी साधं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं) सुचवेन. माणूस बटण दाबतोय, सेकंदाला लाखभर नोंदी येत नाहीत. वरच्या मर्यादितरांगमध्ये प्रायव्हेट रीडओन्ली ऑब्जेक्ट कुलूप = न्यू(); घाला आणि ट्रायएन्क्यू, ट्रायडीक्यू, काउंट या तिघांचं अंग लॉक (कुलूप) मध्ये ठेवा. काउंटला विसरू नका. लॉकच्या आत प्रिंटर किंवा डेटाबेसला हाक मारू नका. टोकन काढा, लॉक सोडा, मग छापा. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर तिन्ही काउंटर का अडकावेत?

टोकन येईपर्यंत थ्रेडने थांबायचं असेल तर ब्लॉकिंगकलेक्शन<टोकन>(५०). इथला ५० मात्र खरी मर्यादा आहे. ॲड जागा होईपर्यंत थांबतं, ट्रायॲड लगेच फॉल्स देतं, टेक टोकन येईपर्यंत थांबतं. दिवस संपला की कम्प्लीटॲडिंग करायचं. ते केलं नाही तर गेटकन्झ्युमिंगएन्युमरेबलवरचं लूप कधीच संपत नाही आणि प्रोग्रॅम बंद होताना लटकतो. ही तक्रार दर वेळी "प्रोग्रॅम हँग होतो" या नावाने येते.

कोड असिंक (थ्रेड अडवून न ठेवता वाट बघणारा) असेल तर चॅनेल, क्रिएटबाउंडेड<टोकन>(५०). त्यात भरल्यावर काय करायचं ते फुलमोडने ठरतं. मूळ सेटिंग वेट आहे, तेव्हा ट्रायराइट भरलेल्या चॅनेलवर फॉल्स देतं. ड्रॉपराइट ठेवलं तर टोकन फेकून देतं आणि तरीही ट्रू म्हणतं. दवाखान्यात हे नको.

---

टोकनवाला

लूप कळलं, सीएस१५०३ दोन ठिकाणी आला, दोन्हीकडे नंबरच टाकला होता. मर्यादितरांग आणि लॉक ठेवतो. आता पुढचं: तातडीचा पेशंट मध्ये घ्यायचा असतो, आणि काही जण कंटाळून निघून जातात, त्यांचं टोकन मधूनच काढायचं असतं. क्यूमध्ये मधलं काढायला मेथडच सापडत नाही. आणखी एक, क्यू<बालटोकन> हा क्यू<टोकन> मागणाऱ्या मेथडला देता येत नाही. बालटोकन तर टोकनचंच अपत्य आहे.

---

शून्यापासून

शेवटचं आधी. देता आला असता तर त्या मेथडने आत साधं टोकन एन्क्यू केलं असतं आणि तुमच्या बालटोकनच्या रांगेत भलताच माणूस उभा राहिला असता. त्या मेथडला फक्त वाचायचं असेल तर पॅरामीटर आयएन्युमरेबल<टोकन> करा. सी शार्प ४ पासून तिथे क्यू<बालटोकन> सरळ बसतो, कारण त्यातून फक्त बाहेर येतं, आत काही जात नाही.

मधलं काढायला मेथड नाही हे बरोबरच आहे. क्यू<टी> आयकलेक्शन<टी> इम्प्लिमेंट करत नाही, त्यामुळे ॲड नाही, रिमूव्ह नाही, इंडेक्सही नाही. मध्ये हात घालायचा तर डबा बदलावा लागेल.

तातडीसाठी दोन रस्ते. प्रायॉरिटीक्यू<टोकन, प्राधान्य> डॉट नेट ६ पासून आहे. लहान आकडा आधी बाहेर येतो, उलटं समजू नका. मोठा सापळा असा की समान प्राधान्याच्या टोकनांचा क्रम तो राखत नाही. सगळ्या साध्या पेशंटना १ दिला तर सकाळी ९ ला आलेला १० वाजता आलेल्याच्या मागे जाऊ शकतो, आणि मग काउंटरवर भांडण. म्हणून प्राधान्य (इंट, लाँग) अशी जोडी ठेवा, दुसरा आकडा वाढता अनुक्रमांक. जोडीची तुलना आधी पहिल्या आकड्यावर, मग दुसऱ्यावर होते. बोर्डावर यादी दाखवायला त्यात अनऑर्डर्डआयटम्स मिळतं, आणि ते नावाप्रमाणेच विस्कळीत असतं. दाखवण्याआधी क्रम लावून घ्या.

मी मात्र दोन साधे क्यू घेईन, तातडीचा आणि नेहमीचा. प्राधान्याच्या पातळ्या दोनच असतील तर हे वाचायला सोपं आणि क्रम आपोआप सांभाळला जातो. फायदा असा की "सलग ३ तातडीचे झाले की १ नेहमीचा" हा नियम मोजणी ठेवणाऱ्या एका व्हेरिएबलने लिहिता येतो. प्रायॉरिटीक्यूमध्ये तातडीचे येत राहिले तर नेहमीचा पेशंट संध्याकाळपर्यंत बसून राहील. अर्थात जिवावरचं प्रकरण असेल तिथे हा नियम लावू नका, ते टोकन रांगेबाहेरच हाताळा.

---

कॉफीवाला

जावात काम करणारे वाचत असतील तर थोडं वेगळं. तिथे क्यू हा इंटरफेस आहे, ऑब्जेक्ट बनतो ॲरेडेकचा. मेथडच्या दोन जोड्या आहेत: ॲड, रिमूव्ह, एलिमेंट या एक्सेप्शन फेकतात, ऑफर, पोल, पीक या फॉल्स किंवा नल देतात. दोन्ही जोड्या एकाच कोडमध्ये मिसळू नका. लिंक्डलिस्ट नल आत घेते, आणि मग पोलने दिलेला नल म्हणजे रिकामी रांग की आत टाकलेला नल हे कळत नाही. ॲरेडेक नल घेतच नाही, ते बरं. ५० च्या मर्यादेला ॲरेब्लॉकिंगक्यू.

आणि क्यू<इंटिजर> मधून काढलेले दोन आकडे == ने ताडू नका. १२७ पर्यंत बरोबर उत्तर येतं, १२८ वं टोकन आलं की बिघडतं. इक्वल्स वापरा. टोकन नंबर रोज १ पासून सुरू होत असतील तर ही चूक गर्दीच्या दिवशीच दिसते.

---

अर्धविराम

निघून गेलेल्या पेशंटचं राहिलं. दोन प्रकारे होतं.

पहिला, लिंक्डलिस्ट<टोकन> आणि सोबत डिक्शनरी. ॲडलास्ट केलं की नोड परत मिळतो, तो टोकन नंबराखाली डिक्शनरीत ठेवा. रद्द करताना डिक्शनरीतून नोड घ्या, रिमूव्ह(नोड) करा, रांग चाळावी लागत नाही. रिमूव्हला नोडऐवजी टोकन दिलंत तर तीच मेथड सुरुवातीपासून शोधत जाते, ५० टोकनांना जाणवणार नाही. टोकन पुकारलं गेलं की डिक्शनरीतूनही काढा, नाहीतर ती दिवसभर फुगत राहते आणि झालेलं टोकन पुन्हा रद्द करायचा प्रयत्न झाला की यादीत नसलेल्या नोडवर इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन.

दुसरा, क्यू तसाच ठेवून रद्द झालेल्यांचे नंबर हॅशसेटमध्ये. डीक्यू केल्यावर नंबर सेटमध्ये असेल तर सेटमधून काढा आणि पुढचं घ्या. कोड कमी लागतो. टोकनवरच रद्दची खूण करावी असं वाटेल, पण टोकन हा स्ट्रक्ट असेल तर ते जमत नाही, कारण पीक स्ट्रक्टची प्रत देतं; क्यू.पीक().रद्द = ट्रू लिहिलं तर सीएस१६१२ येतो. स्ट्रक्ट आधी व्हेरिएबलमध्ये घेऊन बदलला तर कंपाइल होईल, पण बदल प्रतीत होईल, रांगेतलं टोकन तसंच राहील.

दुसऱ्या प्रकारात काउंट खोटा होतो. ५० पैकी ८ रद्द असले तरी ट्रायएन्क्यू ५१ व्याला परत पाठवेल आणि बोर्ड पुढे ४२ च्या जागी ५० जण दाखवेल. मर्यादितरांगमधला काउंट आत.काउंट - रद्द.काउंट असा करा, ट्रायएन्क्यूमध्येही तोच वापरा. रद्द करताना तो नंबर अजून रांगेत आहे याची खात्री करून मगच सेटमध्ये टाका. झालेल्या टोकनचा नंबर सेटमध्ये पडला तर तो परत कधी निघत नाही आणि काउंट दिवसभर एकाने कमी दिसतो. हे सगळं त्याच लॉकच्या आत.